सॅक हलकी पाहिजे

बारामतीच्या पेठेतलं एक बॅगांचं दुकान. पन्नाशी केव्हाच उलटलेला एक माणूस पाठीला शाळकरी पोराची सॅक लावून, डोळे मिटून, जागच्या जागी उड्या मारतो आहे आणि दुकानदार चहाचा कप हातात तसाच धरून बघत राहिला आहे. सरांची आठवण निघाली की मला पहिल्यांदा हेच दिसतं. मी शेजारीच उभा होतो आणि आपण या गृहस्थांना ओळखत नाही असा चेहरा करायची माझी खटपट चालली होती. ती काही जमली नाही, कारण उड्या मारता मारता सर मोठ्यांदा म्हणाले, "मास्तर, ऐका. बोलतीय ही. पिशवीनं पाठीशी बोलू नये."

दुकानदार भला माणूस. त्यानं सॅकची चेन चारदा मागंपुढं करून दाखवली, शिलाई ओढून दाखवली आणि म्हणाला, "सर, दहा वर्षं हलायची नाही."

"हलती तर आत्ताच हाय," सर म्हणाले. "आणि मला दहा वर्षं नकोत. चार दिवस पुरे."

चार दिवस म्हणजे काय ते दुकानदाराला कळलं नाही. त्याला वाटलं, सर कुठं सहलीला निघालेत. मला ठाऊक होतं, म्हणून मला हसू आलं नाही.

आम्ही एकाच शाळेत होतो. सर विज्ञान शिकवायचे, मी इतिहास. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगायचे, एस.टी. चुकल्यासारखं. रोज पहाटे कालव्याच्या भरावावरून पळायचे आणि घामट अंगानं माझ्या दारात येऊन मला उठवायचे. मला पळण्याचा राग होता आणि अजून आहे. माणसानं चालावं, बसावं, शक्यतो भजी खावीत. सर माझ्या पोटाकडं बघून म्हणायचे, "तुमचं बरंय. तुमची सॅक पुढनंच शिवलेली हाय."

हळूहळू शाळेत एक तक्रार सुरू झाली. पोरं म्हणायची, शेजारून गेलं तरी सर बघत नाहीत, नमस्कार केला तरी घेत नाहीत. शिक्षकांच्या खोलीतही कुजबुज व्हायला लागली की पळून पळून सरांना शिष्टपणा आलाय. मग एकदा भरदुपारी ते वर्गाच्या दाराच्या चौकटीला धडकले. कपाळाला टेंगूळ आलं. मी बळंबळं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला, आणि बराच पुढं गेलेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की यात आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला लवकर उमगत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती थेंबांवर धरून ठेवायची, जितकी राहील तितकी.

बाहेर आल्यावर मी थेंबांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. सर रस्त्याच्या कडेला उभे राहून एकदा उजवीकडं आणि एकदा डावीकडं मान फिरवून बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, दिसतंय तवर एकदा घेरा मारायचा."

घेरा म्हणजे बारामतीहून भिगवण, तिथून उजनीच्या पाण्याच्या कडेकडेनं इंदापूर, मग निमगाव केतकी करून परत घरी. डांबरी शक्यतो टाळायची. पाणंदी, बांध, कालव्याचे भराव, माळ. सगळं पळत. खायचं-प्यायचं, अंथरायचं-पांघरायचं सगळं आपल्या पाठीवर. वाटेत कुणी घोटभर चहा दिला तरी घ्यायचा नाही, दुकानातून बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. पाण्यापुरती सवलत होती. "हपशाचं पाणी चालतं," सर म्हणाले. "हपसा कुणाचा नसतो, आणि मारायचा मीच."

आता आपल्याकडं हे किती अवघड आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. आपल्याकडं वस्तीवरून परका माणूस चालला तरी बाई दारातून हाक मारते, "पाणी तरी पिऊन जा." नाही म्हटलं तर तो तिच्या घराचा अपमान असतो. डोंगर चढणं परवडलं, पण ही हाक चुकवणं सोपं नाही. मी म्हणालो, "सर, हा हट्ट कशासाठी?"

तेव्हा त्यांनी काठीची गोष्ट सांगितली. सरांचे वडील, आबा, चाळिशीतच आंधळे झाले होते. आता कळतं, तोच आजार. आबांच्या हातात काठीचं मागचं टोक आणि पुढच्या टोकाला पोरं, एक दिवस बहीण, एक दिवस सर. शेतात, बाजारात, कुणाच्या मयताला, सगळीकडं. "पोरं तिकडं विटीदांडू खेळायची अन् मी काठी धरून हुबा," सर म्हणाले. "मला पळायचं असायचं, मास्तर. लई पळायचं असायचं. म्हातारा मागनं 'हळू रं, हळू' म्हणायचा. मी कुणाच्या हातात माझी काठी देणार न्हाय. त्याच्या आधी एकदा मला बघू द्या, माझं सगळं मला उचलतंय का."

मी मोबाईल काढला आणि सॅक शोधायला लागलो. सरांचा फोन बटणांचा होता, त्यामुळं सगळी मागवामागवी माझ्या नावावर झाली. कुरिअरवाला मला ओळखायला लागला. "ही तरी ठेवणार का?" असं विचारूनच तो पुडकं हातात द्यायचा.

एकेक सॅक यायची आणि नापास होऊन परत जायची. पहिली मोठी होती. सर म्हणाले, "रिकामी जागा दिसली की माणूस कोंबतोच. एस.टी.त बघताय की." दुसरीला आतून पत्र्याची चौकट होती, ताठ बसायची, पण पळताना ती चौकट माकडहाडाला टोचायची. तिसरीचं कापड इतकं जाड की नुसत्या रिकाम्या सॅकचं वजन सातूच्या पिठाच्या पिशवीएवढं भरलं. "हिला उचलू का जेवण उचलू?" एक दिसायला देखणी होती, पण पाण्याच्या बाटल्या मागच्या खिशात. बाटली काढायला थांबावं लागे, खांद्यावरून हात मागं न्यावा लागे. पाणी छातीवर पाहिजे, दोन बाजूंना सारखं, चालता चालता तोंड लावता आलं पाहिजे, असं त्यांचं मत. जड सामान खांद्यांच्या पात्यांमध्ये, वर आणि पाठीला चिकटून. हलकं सामान तळाला. स्वयंपाकघरातल्या तराजूवर सगळं जोखलेलं.

आणि प्रत्येक सॅकची एक परीक्षा असे. सर डोळे मिटून उभे राहायचे आणि मी एकेक नाव घ्यायचो. "टोपी." "रेनकोट." "खजूर." "थेंब." प्रत्येक वस्तू न चाचपडता हातात आली पाहिजे. आली नाही तर सॅक नापास. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, डोळे आहेत ना अजून? उघडे ठेवून काढा की."

"आज मिटून काढतोय," सर म्हणाले. "पुढं मिटायचं कामच उरणार न्हाय."

त्यानंतर मी वैतागलो नाही.

शेवटी जी पसंत पडली ती करड्या रंगाची, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कापडाची. बंडीसारखी अंगात घालायची, छातीवर दोन पट्ट्या आवळायच्या. चेन नाही, वरचं तोंड नुसतं गुंडाळायचं. आत दुमडलेली फोमची चटई घातली की तीच पाठीची गादी. ती घालून सरांनी माझ्या अंगणात उड्या मारल्या आणि बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग मला एक गोष्ट सांगितली. साखर कारखान्याच्या वाटेवर त्यांनी ऊस तोडणारी एक बाई बघितली होती, पाठीला लेकरू बांधलेली, डोक्यावर मोळी. "लेकरू असं आवळलेलं की तिच्या अंगाचाच भाग. सैल असतं तर तिला पाऊल टाकता आलं न्हवतं. मास्तर, ओझं सैल असलं की जड हुतं."

सॅक ठरली म्हणजे संपलं असं मला वाटलं. पण सर ब्लेड घेऊन बसले. लेबलं कापली, लटकणाऱ्या कड्या कापल्या, पट्ट्यांची जादा टोकं कापली. छातीवरच्या छोट्या कप्प्याचं झाकणही कापलं. मी म्हणालो, "त्यात थेंबांची बाटली राहणार आहे, झाकण राहू द्या." तर म्हणाले, "झाकण म्हणजे वजन, आणि वर उघडझाक." कापलेल्यांपैकी एक लांब पट्टी मात्र त्यांनी गुंडाळून आत ठेवली. कशाला विचारलं तर म्हणाले, "कपडे वाळत घालायला."

भरल्या सॅकची पहिली फेरी त्यांनी कोऱ्हाळे बुद्रुकला मारली, कालव्याकडेनं. तिथं त्यांची बहीण दिलेली. सगळे तिला आक्का म्हणायचे. सख्खं असं सरांना तेवढं एकच माणूस. सर दारात पोचले, उभ्या उभ्या बोलले, आतही गेले नाहीत. सॅक ओट्यावर ठेवून हपशावर बाटल्या भरायला गेले. तेवढ्यात आक्कानं भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून सॅकच्या एका अंगाला सरकवला. माहेरचा माणूस दारातून उपाशी गेला तर बाईच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि हा तर भाऊ.

अर्ध्या वाटेत सॅक बोलायला लागली. उजवीकडं झोका घेत होती. सरांनी उघडली, पुरचुंडी बघितली, आणि परत कोऱ्हाळ्याला गेले, पळत. पुरचुंडी ओट्यावर ठेवली. म्हणाले, "आक्का, असं करू नगं. माझी तयारी चाललीय."

हे मला सरांनीच सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. आक्का म्हणाली होती, "माह्यारचा तू येकलाच हायेस रं. अन् माझ्या हातची भाकर तुला जड झाली? जा. परत माझ्या दारात येऊ नगंस." आणि तिनं दार लावून घेतलं होतं.

"तुम्ही चुकलात," मी म्हणालो.

"ठावं हाय," सर म्हणाले. पण गेले नाहीत तिच्याकडं. माणूस चांगला असला म्हणजे हट्टी नसतो असं थोडंच आहे?

मार्गशीर्षातल्या एका पहाटे ते निघाले. वाटेवर कुणी येऊन उभं राहायचं नाही, अशी मला ताकीद होती. फोन बंद करून सॅकच्या तळाशी टाकलेला. मी फाटकापर्यंत गेलो. थंडीनं माझे दात वाजत होते आणि सर अर्ध्या चड्डीत उभे. डोळ्यांत थेंब टाकले, बाटली छातीच्या कप्प्यात ठेवली आणि गेले. अंधारात त्यांना दिसत नसे म्हणून कपाळावर बॅटरी होती. तिचा उजेड वळणापर्यंत दिसला. मी घरी येऊन उगाच बायकोवर चिडलो.

पहिले दोन दिवस कसे गेले ते नंतर कळलं. भिगवणला पाण्याच्या कडेला एका खानावळीपाशी हपसा होता आणि आत बाई चिलापी तळत होती. तिनं ताट वाढून बाहेर आणलं. "पैसं नगंत, पर असं उपाशी जाऊ नगा." सरांनी हात जोडले. ती ताट घेऊन तशीच उभी राहिली. सर हपशाच्या ओट्यावर सातूचं पीठ कालवून, तिच्या माशाच्या वासाबरोबर खात बसले. "जलमात येवढं वाईट जेवलो न्हाय," असं मला म्हणाले. पण पाय चालत होते. पाण्याच्या कडेनं गाळात पाय रुतत होते, पाखरं उठत होती, आणि ती बघायला प्रत्येक वेळी मान पूर्ण वळवावी लागत होती, तरी दिसत होती. इंदापूर ओलांडलं तेव्हा त्यांना वाटलं की जमलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गात असताना फोन वाजला.

"मास्तर, निमगावच्या अलीकडं हाय. पडलो. मोडलं काय न्हाय."

"येतो," मी म्हणालो.

"ऐका तर. पाण्याच्या चारीच्या कडंनं पळत हुतो. चारी उजवीकडं. मला दिसलीच न्हाय. आत गेलो." मग म्हणाले, "थेंबांची बाटली कप्प्यातनं उडाली. लई शोधली मी. गुडघ्यावर बसून, हातानं चाचपत. मग डाळिंबाच्या बागेतली बाई आली अन् तिनं हात घालून काढून दिली. मास्तर, माझ्या शेजारीच पडली हुती. उजव्या हाताला."

मी खडू ठेवला आणि वर्गाबाहेर आलो.

"तिनं पाणी दिलं," सर म्हणाले. "पिलो."

"बरं केलंत."

"आक्काला घेऊन येता का? तिला म्हणावं, काय तरी खायला बांधून आण."

मी जुनी गाडी काढली आणि आधी उलट्या दिशेला कोऱ्हाळ्याला गेलो. आक्का येणार नाही अशी माझी खात्री होती. मी निरोप सांगितला. तिनं तो ऐकला, आत गेली आणि दुरडीतल्या भाकरी फडक्यात बांधून बाहेर आली. पायात चपला घालायला विसरली होती, त्या शेजारणीनं आणून दिल्या. बारामती मागं पडेपर्यंत ती मांडीवरचं फडकं सावरत राहिली. मग विचारलं, "डोळं पार गेलं का वो?"

"नाही. उजवी बाजू गेलीय."

"आबाचं बी तसंच," ती म्हणाली. "आदी उजवी बाजू."

सर बागेच्या कडेला बाजेवर बसले होते. गुडघ्याला हळद लावलेली, सॅक बाजूला. आक्का त्यांच्या शेजारी बसली, फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवून त्यांच्या हातात दिली. सर खायला लागले. रडत होते, पण घास थांबत नव्हता. डाळिंबवाली बाई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मी तिथंच उभा राहिलो. जायला पाहिजे होतं, पण पाय निघेना.

"आक्का," सर म्हणाले, "मला आबाची काठी लई जड व्हायची. आता माझी काठी कुणी धरायची?"

आक्का थोडा वेळ भाकरीचे तुकडे करत राहिली. "जड न्हवती रं काठी," ती म्हणाली. "तुला पळायचं असायचं, म्हणून तुला वढ बसायची. मी आपली संगं चालायची. आबा मागनं गोष्टी सांगायचं, समद्या गावाच्या. त्ये गेल्यावर किती तरी दिस मला हात मोकळा मोकळा वाटायचा." मग तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "कुणी ईचारलं का मला, जड हाय का म्हून? तूच ठरिवलंस समदं."

घेरा तिथंच राहिला. सर गाडीतून घरी आले.

पुढच्या वर्षभरात डावी बाजूही गेली, समोरचंही अंधुक झालं. सर मुदतीआधीच निवृत्त झाले आणि आक्का त्यांच्याकडं राहायला आली. पहाटेचं पळणं बंद झालं. मी मात्र पहाटे जागा व्हायला लागलो, दार वाजायची वाट बघत. करडी सॅक खुंटीला होती. एका रविवारी मी गेलो, सॅक काढली, तिच्यातली ती लांब पट्टी शोधून काढली आणि म्हणालो, "चला. निमगावपासून पुढचा घेरा राहिलाय."

"कुणाबरं?"

"माझ्याबरोबर. पट्टीचं एक टोक तुमच्याकडं, एक माझ्याकडं."

"मास्तर, जिना चढताना दम खाता तुमी."

"म्हणून तर एका दमात नाही. आज थोडं, पुढच्या रविवारी तिथून पुढं थोडं."

"मला कुणी वढत न्यायचं न्हाय," सर म्हणाले. आवाज चढला होता.

आक्का आतून आली. तिनं माझ्या हातातली सॅक घेतली, चटई काढून पुन्हा नीट बसवली, भाकरीची पुरचुंडी वर, मधोमध, पाठीला चिकटून ठेवली आणि तोंड गुंडाळलं. सॅक सरांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "ऊठ."

सर उठले.

त्या डाळिंबाच्या बागेपासून आम्ही सुरुवात केली. बाईनं पाणी दिलं, दोघांनीही घेतलं. सुरुवात फार वाईट झाली. पट्टी मध्ये लोंबत होती. मी वळलो की सरांना उशिरा कळायचं, मग हिसका बसायचा, ते ठेचकाळायचे आणि मी धापा टाकत थांबायचो. असं दोनतीनदा झालं तेव्हा सर उभे राहिले. चेहरा माझ्याकडं होता, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठं तरी पलीकडं.

"जड हुतंय का? खरं सांगा."

"होतंय," मी म्हणालो. खोटं बोलायला श्वासच नव्हता. "तुम्ही सैल धरलंय म्हणून. जवळ या आणि घट्ट धरा."

सरांनी पट्टीचे दोन वेढे मुठीभोवती घेतले. त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागलं. आम्ही पुन्हा निघालो, आधी चालत, मग ज्याला माझ्या बाबतीत पळणं म्हणता येईल तसं. आता मी वळायच्या आधीच ते वळत होते. थोड्या वेळानं सरांनी मान तिरकी केली, दुकानात केली होती तशी.

"मास्तर, सॅक हलतीय का वो?"

मी बघितलं. पाठीवर भाकरी होती, पाणी होतं, थेंब होते. सॅक अंगाला चिकटून गप्प बसली होती.

"नाही," मी म्हणालो.

"आक्कानं भरलीय," सर म्हणाले, आणि आम्ही पळत राहिलो.